मालकीचा धर्म सांगणारा पाद्री

कारखाना त्यात राबणाऱ्यांच्याच मालकीचा असावा, हा विचार गेल्या दोन शतकांत जगभर पुन्हा पुन्हा मांडला गेला. काही ठिकाणी तो प्रत्यक्षात उतरला, काही ठिकाणी कागदावरच राहिला. जिथे तो उतरला, तिथे बहुतेक वेळा एक प्रश्नही उपस्थित झाला. मालकीची संधी समोर आली की पुरुष कामगार जितक्या उत्साहाने पुढे येतात, तितक्या उत्साहाने स्त्री कामगार का येत नाहीत? भागभांडवल घेण्यात, सर्वसाधारण सभेत बोलण्यात, संचालक मंडळाची निवडणूक लढविण्यात त्या मागे का राहतात? याचे एक उत्तर तयारच असते. स्त्रियांना नोकरी हवी असते, मालकी नको असते, असे सांगितले जाते आणि विषय संपतो.

हे उत्तर किती खरे आणि किती सोयीचे, याचा शोध घेताना एका माणसाच्या चरित्रापाशी थांबावेच लागते. ते चरित्र आहे होसे मारिया अरिस्मेंदिआरिएता या कॅथलिक पाद्र्याचे. स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रदेशातील मोंड्रागॉन या गावात त्यांनी कामगार मालकीच्या कारखान्यांची जी चळवळ उभी केली, ती आज जगातील या प्रकारची सर्वांत नावाजलेली चळवळ मानली जाते. फादर होसे मारियांचे निधन 1976 मध्ये झाले. त्यांच्या कार्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र त्या कार्यात स्त्री कामगारांचे स्थान काय होते आणि त्याबाबत स्वतः फादरांची दृष्टी कशी बदलत गेली, या बाजूकडे तुलनेने कमी लक्ष गेले.

वारसा सोडणारा थोरला मुलगा

होसे मारियांचा जन्म 22 एप्रिल 1915 रोजी बिस्काय प्रांतातील मार्किना परिसरात एका शेतकरी कुटुंबात झाला. चार भावंडांत ते थोरले. तीन वर्षांचे असताना झालेल्या अपघातात त्यांचा डावा डोळा गेला. बास्क शेतकऱ्यांच्या रिवाजानुसार घर आणि शेत अखंड ठेवून ते एकाच वारसाकडे सोपविले जाते. थोरला मुलगा म्हणून तो मान होसे मारियांचा होता. त्यांनी तो सोडला आणि धर्मशिक्षणाची वाट धरली. घरची मालकी लहानपणीच नाकारणारा हा मुलगा पुढे आयुष्यभर इतरांना मालकीचे महत्त्व समजावीत राहिला.

विटोरिया येथील धर्मविद्यालयात ते शिकत असतानाच 1936 मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. एका डोळ्याने अधू असल्यामुळे त्यांना आघाडीवर पाठविण्यात आले नाही. बास्क सरकारच्या बाजूने निघणाऱ्या एगुना या बास्क भाषेतील दैनिकात त्यांनी पत्रकार म्हणून काम केले. 1937 मध्ये बिल्बाओ शहर जनरल फ्रँकोच्या फौजांच्या हाती पडले आणि होसे मारियांना अटक झाली. त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला. त्या दिवसांत अशा खटल्यांचा शेवट अनेकदा गोळीबाराच्या पथकासमोर होत असे. होसे मारिया सुटले. पुढे त्यांनी आपले धर्मशिक्षण पूर्ण केले. समाजशास्त्राच्या अभ्यासासाठी बेल्जियममधील लुव्हाँ विद्यापीठात जाण्याची त्यांची इच्छा होती. बिशपांनी ती मान्य केली नाही आणि 5 फेब्रुवारी 1941 रोजी हा पंचविशीतला पाद्री मोंड्रागॉनला रुजू झाला.

गिपुस्कोआ प्रांतातील डोंगरांच्या खोबणीत वसलेले हे गाव तेव्हा युद्धाच्या जखमा वागवीत होते. गावातील अनेक जण मारले गेले होते, कित्येक तुरुंगात होते. गावाच्या तीन धर्मोपदेशकांनाही 1936 मध्ये फ्रँकोच्या लोकांनी ठार केले होते. अन्नाची टंचाई होती, क्षयरोग होता, बेकारी होती. रोजगाराचा मोठा आधार म्हणजे कुलपे आणि धातूच्या वस्तू बनविणारा उनिऑन सेर्राखेरा हा कारखाना. त्याची स्वतःची शिकाऊ उमेदवारांची शाळा होती. पण तिची दारे मुख्यतः कारखान्यातील कामगारांच्या मुलांनाच उघडी होती.

नव्या पाद्र्याचे वक्तृत्व बेताचेच होते. आवाज एकसुरी, प्रवचन कंटाळवाणे. मात्र व्यासपीठावर न जमणारी गोष्ट त्यांना चार तरुणांच्या घोळक्यात छान जमत असे. त्यांनी खेळाचे मैदान उभारले, दवाखान्यासाठी खटपट केली, अभ्यासमंडळे चालविली आणि कारखान्याच्या मालकांना सर्व मुलांसाठी शाळा उघडण्याची विनंती केली. मालकांनी ती मानली नाही, तेव्हा फादर गावाकडे वळले. रस्त्यांच्या कोपऱ्यांवर पेट्या ठेवण्यात आल्या आणि आपण पैसा किंवा श्रम यांपैकी काय देऊ शकू, हे लोकांनी चिठ्ठीवर लिहून त्यात टाकावे, असे आवाहन करण्यात आले. सुमारे सहाशे चिठ्ठ्या आल्या. त्यांच्या बळावर ऑक्टोबर 1943 मध्ये वीस विद्यार्थ्यांची तंत्रशाळा सुरू झाली.

नाकारलेल्या भागांतून जन्मलेला कारखाना

या शाळेतील अकरा मुलांना फादरांनी अभियांत्रिकीच्या पदवीपर्यंत नेले. दिवसा कारखान्यात काम, संध्याकाळी अभ्यास आणि सारागोसा येथे बहिःस्थ विद्यार्थी म्हणून परीक्षा, असा तो खडतर क्रम होता. 1952 मध्ये ते पदवीधर झाले. त्यांपैकी काही जण उनिऑन सेर्राखेरामध्ये चांगल्या हुद्द्यांवर होते. कंपनीने भांडवलवाढ करायचे ठरविले, तेव्हा कामगारांनाही भाग विकत घेण्याची मुभा द्यावी, असा आग्रह या तरुणांनी धरला. व्यवस्थापनाने तो फेटाळला. पाच जण नोकरी सोडून बाहेर पडले.

उसातोरे, लारान्यागा, गोरोन्योगोइतिया, ओर्माएचेआ आणि ओर्तुबाय या पाच आडनावांच्या आद्याक्षरांतून उल्गोर हे नाव तयार झाले. या तरुणांच्या शब्दावर विसंबून गावातील सुमारे शंभर लोकांनी त्यांना पैसे उसने दिले. विटोरिया येथील एक बुडीत कारखाना विकत घेण्यात आला. 1956 मध्ये मोंड्रागॉनमध्ये उल्गोरच्या इमारतीची पायाभरणी झाली. सुरुवातीला कामगार अवघे दोन डझन आणि माल रॉकेलवर चालणाऱ्या शेगड्यांचा.

महाराष्ट्रातील वाचकाला सहकार नवा नाही. आपल्याकडील सहकारी साखर कारखान्यात ऊस घालणारा शेतकरी सभासद असतो. गाळपावर राबणारा कामगार मात्र पगारी नोकर असतो. मोंड्रागॉनमध्ये नाते उलटे आहे. तिथे यंत्रावर उभा असणाराच सभासद. रुजू होताना त्याला ठरावीक रक्कम भांडवल म्हणून भरावी लागते. ती एकदम देणे शक्य नसेल तर पगारातून हप्त्याने कापली जाते. प्रत्येकाच्या नावे भांडवलाचे स्वतंत्र खाते असते. दरवर्षीच्या नफ्यातील त्याचा वाटा या खात्यात जमा होतो. पण ती रक्कम निवृत्तीच्या वेळी किंवा संस्था सोडतानाच हाती येते. नफ्याचा वाटा सभासदाच्या वेतनश्रेणीच्या प्रमाणात ठरतो. सर्वात खालच्या आणि सर्वात वरच्या वेतनातील अंतर सुरुवातीला एकास तीन इतकेच ठेवण्यात आले होते. सर्वसाधारण सभेत मात्र पद आणि भांडवल न पाहता प्रत्येकाला एकच मत.

या व्यवस्थेची नियमावली तयार करण्यात फादरांचा सिंहाचा वाटा होता. सहकारी संस्थेचे सभासद हे नोकर नसून मालक आहेत, असे कारण देऊन स्पेनच्या सरकारने त्यांना सामाजिक सुरक्षा योजनेतून वगळले, तेव्हा लागुन आरो ही स्वतःची आरोग्य आणि निवृत्तिवेतन योजना उभी राहिली. 1959 मध्ये काखा लाबोराल पोपुलार ही कामगारांची बँक स्थापन झाली. बँकेची कल्पना फादरांची होती आणि ती प्रथम ऐकताना उल्गोरच्या संस्थापकांनाही वेडगळ वाटली होती. गावाची बचत गावाबाहेर न जाता नव्या कारखान्यांच्या उभारणीस लागावी, हा त्यामागील साधा हिशेब होता. तो अचूक ठरला. पुढील दीड दशकात एकामागून एक संस्था उभ्या राहिल्या. गॅसच्या शेगड्या, फ्रिज आणि वॉशिंग मशीन बनविणारी उल्गोर स्पेनमधील घरगुती उपकरणांच्या मोठ्या उत्पादकांत गणली जाऊ लागली.

लग्नाबरोबर संपणारी मालकी

या यशोगाथेत स्त्रिया कुठे होत्या?

त्या पहिल्यापासून होत्या, परंतु एका अटीवर. उल्गोरच्या जुळणी विभागात तरुण मुली काम करीत असत आणि सभासदही होत असत. मात्र लग्न झाले की त्यांनी काम सोडावे, असा नियम होता. काम सुटले की सभासदत्व सुटे आणि सभासदत्वाबरोबर मतही जाई. ज्या शेगड्या आणि वॉशिंग मशीन ती मुलगी तोवर हाताने जुळवीत होती, त्यांची ती आता केवळ ग्राहक होत असे.

हा नियम मोंड्रागॉनने शोधून काढलेला नव्हता. फ्रँकोच्या राजवटीने 1938 मध्येच श्रमाच्या सनदेत विवाहित स्त्रीला कारखान्यातून मुक्त करण्याची घोषणा केली होती. त्या काळातील अनेक स्पॅनिश आस्थापनांमध्ये लग्नानंतर स्त्रीला सक्तीने घरी बसविले जाई आणि बदल्यात काही रक्कम हाती दिली जाई. 1961 च्या कायद्याने नोकरीतील भेदभाव काहीसा कमी केला. पण विवाहित स्त्रीला कामाचा करार करण्यासाठी नवऱ्याची संमती लागण्याची तरतूद 1975 पर्यंत टिकून राहिली. स्वतःच्या नावे मालमत्तेचे व्यवहार करण्यावरही अशीच बंधने होती. अशा देशात कामगाराला मालक करू पाहणारी संस्थाही स्त्रीच्या बाबतीत देशाच्या चालीरीतीने चालली, यात आश्चर्य नाही. खंत वाटते ती एवढीच, की मालक आणि नोकर हा भेद मोडायला निघालेल्यांना हा दुसरा भेद बराच काळ दिसला नाही.

मालकीतील रस हा आकाशातून पडत नाही, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. मोंड्रागॉनच्या रचनेत मालकीचे सारे फळ काळावर अवलंबून होते. नफ्याचा वाटा खात्यात साठत जायचा आणि तीसेक वर्षांनी तो पुंजी बनून हाती यायचा. अठराव्या वर्षी लागून पंचविसाव्या वर्षी लग्न करणाऱ्या मुलीच्या वाट्याला त्यातील किती येणार? तिची श्रेणी खालची, कारण तंत्रशाळा सुरुवातीची अनेक वर्षे मुलांचीच होती. श्रेणी खालची म्हणून नफ्याचा वाटाही लहान. दोन-चार वर्षांत जाणार हे ठाऊक असलेल्या मुलीला संचालक मंडळावर कोण निवडून देणार आणि तिने तरी त्या निवडणुकीला का उभे राहावे? सभेत ती गप्प बसली, तर तिच्या गप्प बसण्याला हिशेब होता. पंचवीस-तीस वर्षांचा डाव असलेल्या पुरुषाशी तिची तुलना करून तिला मालकीत रस नाही, असा निष्कर्ष काढणे म्हणजे बीज पेरू न देता पीक का आले नाही, असे विचारण्यासारखे होते.

आउसो लागुन

फादर होसे मारिया या बाबतीत काळाच्या फार पुढे होते, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. त्यांच्या सुरुवातीच्या कामाच्या केंद्रस्थानी तरुण मुलगे होते. शाळा त्यांच्यासाठी, अभ्यासमंडळे मुख्यतः त्यांच्यासाठी, कारखान्याचे संस्थापक तेच. पण या माणसाचे एक वैशिष्ट्य असे, की आपण घडविलेली संस्था पूर्ण झाली असे ते कधीच मानीत नसत. एक संस्था स्थिरावली की तिच्यामुळे कोण बाहेर राहिले, इकडे त्यांची नजर वळे. साठच्या दशकात ही नजर गावातील विवाहित स्त्रियांकडे वळली. सहकारी संस्थांच्या टी यू या मुखपत्रातील लेखनात त्यांनी स्त्रीच्या श्रमाचा आणि प्रतिष्ठेचा विषय हाती घेतला. श्रमाने माणूस मोठा होतो, हे तत्त्व निम्म्या माणसांना लागू नसेल तर ते तत्त्वच अपुरे ठरते, ही जाणीव त्यामागे होती.

प्रत्यक्ष कामाचा प्रश्न मात्र अवघड होता. कारखान्याच्या पाळ्या ठराविक तासांच्या. घरी मुले, वृद्ध माणसे, स्वयंपाक. नवऱ्याच्या कामाची वेळ बदलणार नाही, हे गृहीतच. पूर्णवेळ कामाच्या अटीवर दिलेली मालकी या स्त्रियांपैकी बहुतेकींना घेता येण्याजोगी नव्हती. फादरांनी प्रोत्साहन दिले आणि 1969 मध्ये मोंड्रागॉनमध्ये स्त्रियांची स्वतंत्र सहकारी संस्था उभी राहिली. तिचे नाव आउसो लागुन. आउसो म्हणजे शेजार आणि लागुन म्हणजे सोबती. कारखान्यांच्या कँटीनसाठी स्वयंपाक करणे आणि साफसफाईची कामे घेणे, हे तिचे क्षेत्र. विवाहित स्त्रियांना घर सांभाळून करता येईल, असे अर्धवेळ काम हा तिचा पाया होता. भांडवल, मत, नफ्याचा वाटा, सर्वसाधारण सभा या सर्व बाबतींत मात्र ती इतर सहकारी संस्थांसारखीच होती. याच सुमारास, साठच्या दशकाच्या अखेरीस, लग्नानंतर काम सोडण्याचा नियमही मागे पडला.

आउसो लागुनवर टीका करायला जागा आहे. स्वयंपाक आणि सफाई ही घरातील कामेच स्त्रियांच्या हाती पुन्हा देण्यात आली. लेथ आणि साचे पुरुषांकडेच राहिले. घरकामाची वाटणी बदलण्याऐवजी कारखान्याच्या वेळा बदलून तोडगा काढला गेला. ही टीका रास्त आहे. तरीही एक गोष्ट या संस्थेने निर्विवाद सिद्ध केली. कालपर्यंत ज्यांना मालकीत रस नाही असे समजले जात होते, त्याच स्त्रिया मालकीची अट त्यांच्या दिवसाच्या मापाने बेतली गेली तेव्हा पुढे आल्या. त्यांनी भांडवल भरले, सभा चालविल्या, हिशेब तपासले, कंत्राटे मिळविली. ही संस्था टिकली, वाढली आणि पुढे ऑसोलान या नावाने खानपान सेवेच्या व्यवसायात ओळखली जाऊ लागली. तिच्या सभासद स्त्रियांच्या कुटुंबांत आणखी एक बदल घडला. नवऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी बाई स्वतःच्या नावाच्या भांडवली खात्याची धनी झाली आणि तेही अशा काळात, जेव्हा देशाच्या कायद्याला तिच्या करारावर नवऱ्याची संमती हवी होती.

1969 मध्येच एरोस्की या ग्राहक सहकारी संस्थेचाही जन्म झाला. तिच्यात ग्राहक आणि कामगार असे दोन्ही गट सभासद होते. पुढे तिच्या दुकानांत काम करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया असत. मोंड्रागॉनच्या मालकीचा चेहरा केवळ निळ्या डगल्यातील पुरुषाचा राहिला नाही, त्यामागे या वर्षांतील बदल होते.

अखेरची वर्षे

फादरांच्या हयातीतील सर्वांत कडवट प्रसंग 1974 मध्ये घडला. उल्गोर तोवर साडेतीन हजार कामगारांची संस्था झाली होती. कामांचे नवे मूल्यांकन करून श्रेणी ठरविण्याचा निर्णय व्यवस्थापनाने घेतला आणि सुमारे चारशे सभासद संपावर गेले. मालकांनीच आपल्या कारखान्यात संप करावा, हे दृश्य विलक्षण होते. सतरा जणांना काढून टाकण्यात आले आणि सर्वसाधारण सभेने बहुमताने त्या निर्णयावर शिक्कामोर्तब केले. काही वर्षांनी त्यांच्यासाठी परतीचे दार उघडण्यात आले. पण जखम भरायला वेळ लागला. श्रेणी कोणी ठरवायची आणि कोणत्या कामाला कमी लेखायचे, हा प्रश्न मालकी आल्याने आपोआप सुटत नाही, हा या संपाचा धडा. खालच्या श्रेणीत गर्दी असलेल्या स्त्री सभासदांना तो अगदी जवळून लागू होता.

फादरांची प्रकृती एव्हाना ढासळली होती. हृदयावर शस्त्रक्रिया झाल्या होत्या. या सगळ्या डोलाऱ्यात त्यांनी स्वतःकडे कोणतेही पद घेतले नाही. ना ते कोणत्या कारखान्याचे अध्यक्ष झाले, ना बँकेचे. पाद्री आणि शाळेतील शिक्षक म्हणून मिळणाऱ्या मिळकतीवर त्यांची गुजराण चाले. अनेक वर्षे ते गावभर सायकलने हिंडत आणि उतारवयात इंजिन लावलेल्या सायकलने. 29 नोव्हेंबर 1976 रोजी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, मोंड्रागॉनमध्येच त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या संस्थांमध्ये दहा हजारांहून अधिक माणसे काम करीत होती. त्यांच्या नावावर मात्र यातील एकही भाग नव्हता.

कामाचे मूल्यमापन

त्यांच्या पश्चात मोंड्रागॉनचा अभ्यास करायला जगभरातून संशोधक आले. सॅली हॅकर आणि क्लारा एल्कोरोबाइरुतिआ यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात येथील स्त्री कामगारांची तुलना खासगी कारखान्यांतील स्त्रियांशी केली. रोजगार, मिळकत आणि नोकरीची शाश्वती यांबाबत सहकारी संस्थांतील स्त्रिया काहीशा बऱ्या स्थितीत असल्याचे त्यांना आढळले. पण वरच्या पदांवर पुरुषांचेच वर्चस्व होते. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ शॅरिन कास्मीर यांनी 1996 मधील आपल्या ग्रंथात आणखी एक नाजूक मुद्दा मांडला. मालकीची भावना व्यवस्थापकांत जितकी आढळते, तितकी ती हाताने काम करणाऱ्या सभासदांत आढळत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते.

ही दोन निरीक्षणे शेजारी ठेवली की स्त्रियांच्या अनास्थेचे गूढ बरेचसे उकलते. मालकीत रस वाटणे हे पदाशी, वेळेशी आणि निर्णयातील वाट्याशी बांधलेले असते. खालच्या श्रेणीतील पुरुषालाही मालकी परकी वाटू शकते आणि वरच्या पदावरील स्त्रीला ती आपली वाटू शकते. खालच्या श्रेणीत स्त्रियांची संख्या जास्त असल्यामुळे ही अनास्था स्त्री स्वभावाची आहे, असा भास होतो. जिथे कामाची वेळ, श्रेणी आणि शिक्षणाची संधी बदलते, तिथे हा भास विरू लागतो.

मालकीबरोबर जोखीमही येते, हे 2013 मध्ये दिसले. उल्गोरचा वारसा चालविणारी फागोर ही घरगुती उपकरणांची संस्था दिवाळखोरीत गेली आणि सभासदांनी वर्षानुवर्षे साठविलेले भांडवल बुडाले. अनेकांना समूहातील इतर संस्थांनी कामावर सामावून घेतले. पण पुंजी गेली ती गेलीच. ज्या घरात एकच मिळकत आणि तीही तुटपुंजी, तिथे आपली बचत आणि आपली नोकरी एकाच टोपलीत ठेवण्याआधी बाई दहादा विचार करील. या सावधपणाला अनास्था म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे ठरेल.

2015 च्या डिसेंबरमध्ये पोप फ्रान्सिस यांनी फादर होसे मारियांच्या पुण्यशील जीवनाला मान्यता दिली आणि संतपदाच्या वाटेवरील पूजनीय ही पदवी त्यांना प्राप्त झाली. त्यांच्या गावातील सहकारी समूह आज सुमारे सत्तर हजार लोकांना रोजगार देतो. चर्चच्या सन्मानाला आणि या आकड्यांना त्यांचे महत्त्व आहेच. परंतु त्यांच्या आयुष्याचा विचार करताना उल्गोरच्या पायाभरणीइतकेच 1969 हे सालही लक्षात ठेवायला हवे. त्या वर्षी, वयाची पन्नाशी ओलांडलेल्या आणि यशाच्या शिखरावर असलेल्या या पाद्र्याने आपल्याच कामातील उणीव भरून काढायला हात लावला. ती उणीव त्यांच्या हयातीत पुरती भरली नाही. मात्र दार बंद ठेवून आतल्यांची संख्या मोजू नये, हे त्यांनी उशिरा का होईना ओळखले. कामगारांना भागीदार करू पाहणाऱ्या प्रत्येक आस्थापनेने स्त्रियांची नावे यादीत कमी का, असे विचारण्यापूर्वी भागाची किंमत, कामाच्या वेळा आणि बढतीची शिडी कोणाच्या मापाने बेतली आहे, हे एकदा तपासून पाहिले तर मोंड्रागॉनच्या अनुभवाचे चीज होईल.